गुलाबभाऊंचा व्हायरस

रिनाने टेबलाखालचं कॉम्प्युटरचं धूड अर्धवट बाहेर ओढलं, मागच्या जाळीवर जोरात फुंकर मारली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकली. त्या शिंकेसरशी सगळं ऑफिस मागे सरलं. दिव्यानी भिंतीला टेकली. आशाबाईंनी चहाची किटली पदराआड घेतली. आणि ज्यांच्या टेबलाखालून ते धूड निघालं होतं, ते बडे बाबू गुलाबभाऊ कोहपरे खुर्चीवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. बसावं की उभं राहावं, हे त्यांच्या कमरेला ठरवता येईना.

"बाई, या मशीनले हात नका लावू," दिव्यानी म्हणाली. "तो याच्यातच हाय."

"कोण?"

"व्हायरस."

रिनाला हसू आलं. गडचिरोलीहून सकाळच्या बसने ती आली होती ती त्याच्याचसाठी. गावोगावच्या ऑफिसांतल्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस बसवायचा, तो चालतो हे करून दाखवायचं, साहेबांची सही घ्यायची आणि परतीची बस धरायची, हे तिचं काम. पण व्हायरसशी अशी ओळख करून देणारं ऑफिस तिला आजवर भेटलं नव्हतं. सोयरीक पाहायला आलेल्या पाहुण्यांना दुरून मुलगा दाखवतात, तसं दिव्यानीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक पिवळा फोल्डर होता. त्याच्याखाली नाव होतं, 'व्हायरस, उघडू नये'.

"हे नाव कोणी दिलं?"

"त्यानंच," गुलाबभाऊ म्हणाले.

"व्हायरस आपल्या दारावर पाटी लावून बसते का भाऊ?"

"शहरातला नाई बसत. हा आपल्या इकडचा हाय. जे करते ते सांगून करते."

बोलता बोलता गुलाबभाऊ खुर्चीत टेकले. जीभ चालू झाली की त्यांच्या कमरेला धीर येत असे.

एटापल्लीच्या त्या वनोपज संस्थेत मोहफूल, हिरडा, चारोळी येई आणि जाई, पण कायमचा मुक्काम फक्त गुलाबभाऊंच्या गोष्टींचा. त्यांतही व्हायरसच्या गोष्टीला तोड नव्हती. पहिल्या वर्षी तो व्हायरस नुसत्या फायली खायचा. मग त्याची भूक वाढली. छत्तीसगडच्या सीमेवरच्या कुठल्याशा ऑफिसात एका बाबूने हाच फोल्डर उघडला म्हणे, तर प्रिंटर जो सुरू झाला तो थांबेचना. कागद संपले. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर ओढून घेतलं. कॅलेंडर संपलं, मग बाबूच्या धोतराचा सोगा. "दोघा चपराश्यांनी कमरेला मिठी मारून बाबूले मांगं खेचलं म्हून," गुलाबभाऊ सांगत, "नाई त बाबूच छापून निघाला असता, पाठपोट दोन्ही बाजूनं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. चारोळी घेऊन आलेला माणूस पोतं खाली ठेवून ऐकायचा आणि घरी जाताना चार गावांत पेरत जायचा. त्या तालुक्यात गोष्ट आलापल्लीच्या बसच्या आधी पोचते.

फोल्डरात होतं ते नाटक.

'भाऊबीज जळाली वेशीवर', अंक तीन. उमेदीची सगळी वर्षं गुलाबभाऊंनी हाताने नाटकं लिहिली आणि वडशाच्या नाटकमंडळ्यांना दिली. सगळी परत आली. एका मंडळीचा मालक तर म्हणाला, तुमचं अक्षर वाचता वाचता आमचा नायक चष्म्याला लागला. तेव्हा त्यांनी टंकलेखन जवळ केलं. ऑफिसातला कॉम्प्युटर, ऑफिसची वेळ, दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती, या सगळ्यावर त्यांनी हळूहळू कब्जा केला, आणि कोणी डोकावू नये म्हणून वर ती पाटी ठोकली. या वर्षी बिरजूशेठच्या मंडळीने नाटक न वाचता, नुसतं नाव ऐकून घेतलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पहिला प्रयोग. फलकही रंगून झाले होते. रविवारी बिरजूशेठचा माणूस संहिता न्यायला येणार होता आणि आज शुक्रवार. उद्या साहेब चंद्रपूरला घरी गेले की प्रिंटर मोकळा, असा बेत होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. पेनड्राइव्ह लावायची सोय नव्हती, कारण 'या मशीनला पेनड्राइव्ह लावू नये' असा कागद गुलाबभाऊंनीच साहेबांच्या सहीने भिंतीवर चिकटवला होता. खोट्याला राखण लागते, आणि राखणीला मालकसुद्धा ओळखू येत नाही.

पण एवढंच असतं तर त्यांनी साहेबांचे पाय धरले असते. खरी अडचण आत होती. गुलाबभाऊंना कल्पनेचं अंग दांडगं, पण माणसं मात्र समोरचीच दिसत. गावभर आगी लावत फिरणारी गोदाक्का, जिला दुसऱ्या अंकात नाग डसतो, ती पदर खोचण्यापासून कपाळाला हात लावण्यापर्यंत आशाबाई होती. आरशापुढून न हलणारी धाकटी सून ही दिव्यानी. आणि भाऊबिजेच्या दिवशी ओवाळायला आलेल्या सख्ख्या बहिणीला, मंजुळेला, तिच्या हातातल्या ताटासकट उंबऱ्यावरून हाकलून देणारा मालगुजार धुंडिराज? बोम्मावार साहेब चहा अर्धाच घेत, पंखा स्वतःच्या हाताने बंद करत, आणि हसायची वेळ आली की चष्मा पुसत. मालगुजार हे सगळं करत होता. फक्त चहाच्या जागी ताक.

म्हणजे फोल्डर पुसला तर नाटक मेलं, आणि उघडला तर गुलाबभाऊ. मधली वाट नव्हती.

"आधी बाकीच्या मशीन करून घ्या ना," ते रिनाला म्हणाले. "हे शेवटी. मोठं ऑपरेशन शेवटी करतेत."

रिनाने ऐकलं. दिव्यानीच्या मशीनवर तिने अँटिव्हायरस चढवला. चढेपर्यंत चहा झाला. मग तिने एक कोरी फाइल उघडली आणि तिच्यात अक्षरांची एक विचित्र ओळ टाकली.

"आता पाहा. हा खोटा व्हायरस आहे. काही करत नाही बिचारा. पण जगातल्या सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी ठरवून ठेवलंय, की ही ओळ दिसली की ओरडायचं. यावरून कळते, तो जागा आहे का झोपला."

"म्हंजे नवं कुत्रं आनलं का घरच्याच मानसाले घोंगडं पांघरून कुंपनावरून उडी माराले लावतेत," आशाबाई म्हणाल्या.

"तसंच."

"अन् भुकलं नाई त?"

"त कुत्रं वापस."

रिनाने फाइल जतन केली. मशीनने कर्कश आवाज केला, पडद्यावर लाल पट्टा आला आणि फाइल जागेवरून नाहीशी झाली.

"गेली कुठी?"

"कोंडवाड्यात टाकली त्यानं," रिना म्हणाली. गावोगाव समजावून सांगता सांगता तिला असे शब्द सापडले होते.

आशाबाईंनी पसंतीची मान हलवली. बाकीच्या मशीनही भुंकल्या. साहेबांच्या खोलीतली मशीन तर इतक्या जोरात भुंकली की बोम्मावार साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग रिना फिरून गुलाबभाऊंच्या टेबलाशी आली.

तिने तपासणी सुरू केली. हिरवी पट्टी पडद्यावर सरकू लागली आणि खाली फायलींची नावं धावू लागली. गुलाबभाऊ उगीचच टेबलावरची सुतळी उचलायला वाकले, मग पिन शोधायला, मग आणखी कशाला तरी. पडदा आणि ऑफिस यांच्यामध्ये त्यांचं धड येत राहिलं. पट्टी टोकाला पोचली. मशीनने टिंग असा लहानसा, समाधानी आवाज केला.

"काही नाही सापडलं," रिना म्हणाली.

"पाहा!" दिव्यानी घाईघाईने म्हणाली. "नाई ना काई? झालं मंग. तुमाले बस भेटन आता, स्टँडवर लागलीच असन."

"झालं कसं?" रिनाने बॅगेतून एक कागद काढला. "मला मुद्दाम या मशीनसाठी पाठवलं आहे. तुमच्याच ऑफिसनं वर कळवलंय, दरवर्षी. बडे बाबूंच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, तो उघडता येत नाही, काढता येत नाही. वरच्यांनी कंपनीला झापलं. आता मी जाऊन काय सांगू? कुत्रं चोरापुढं शेपटी हलवते म्हणून?"

गुलाबभाऊंनी सुतळी बोटाला गुंडाळली. आपली गोष्ट भटकत भटकत चार गावं गेली असेल, हे त्यांना ठाऊक होतं. ती जिल्ह्याला जाऊन, शिक्के खाऊन, बॅग घेऊन बसने परत येईल, हे ठाऊक नव्हतं.

"दोनच रस्ते आहेत," रिना म्हणाली. "एक तर मी हा फोल्डर सगळ्यांसमोर उघडते. काय आहे ते दिसेल. नाही तर मशीन फॉरमॅट करते. पाटी कोरी. तुमचा हिशेब साहेबांच्या मशीनवर आहेच, तो परत टाकून देते."

"उघडू नका!" तिघं एकदम बोलली.

गुलाबभाऊंना त्या संकटातही बरं वाटलं. इतकी वर्षं पेरलेलं पीक असं तरारून उभं राहिलेलं कोणाला बरं वाटणार नाही? त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"बाई, तुमी लहान हा. त्या बाबूची गोष्ट तुमाले कोनी सांगतली नसन. छत्तीसगडच्या—"

"बाबूचं सोडा," आशाबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "माह्या भाच्यानं उघडला होता हा. इथीच. खुर्चीतच ताप भरला त्याले. तीन गावचे पुजारी झाले. अजूनही कॉम्प्युटर दिसला का हात जोडते."

गुलाबभाऊ वळून पाहू लागले. आशाबाईंना भाचा नव्हता.

"अन् मी एकदा चुकून माउस नेला तिथं," दिव्यानी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "नुसता नेला हो. त मोबाइल बंद पडला. माह्याजवळचा नाई. घरी ठेवला होता तो."

लबाडाला लबाडी वासाने कळते. गुलाबभाऊंनी आयुष्यभर स्वतः बांधलेली गोष्ट सांगितली होती, त्यामुळे दुसऱ्याची नवी, ओल्या मातीची गोष्ट ते लगेच ओळखत. या दोघी खोटं बोलत होत्या. घाबरलेला माणूस असं बोलत नाही. घाबरलेला माणूस कमी बोलतो. आणि दिव्यानीला तर खोटं बोलायची सवयही नव्हती. उशीर झाला तरी ती बिचारी झोप लागली म्हणून सांगायची. मग हिला आज हे सुचतंय कुठून, आणि कशासाठी?

रिनाने मात्र खुर्ची पुढे घेतली. तिला भाचे, मोबाइल, पुजारी सगळीकडेच भेटत.

"तसंही हा फोल्डर काही लपलेला नाही," ती बोटं चालवत म्हणाली. "सगळ्या मशीन एकाच तारेवर आहेत. कोणत्याही टेबलावरून दिसते हा."

गुलाबभाऊंनी ते ऐकलं. दिसतो म्हणजे बाहेरून दिसत असेल, असं त्यांनी धरलं. कुलूप लावलेलं घरही रस्त्यावरून दिसतंच की.

"उघडू देत नाही, तर मग फॉरमॅट," रिना म्हणाली. "साहेबांना विचारून घेते."

"लाइट जाईन," दिव्यानी म्हणाली. "या टायमाले जातेच."

"बॅटरी आहे खाली."

"आज अमावस्या हाय."

"नाही बाई, अमावस्या दिवाळीत आहे."

"मंग त्याच्यानंतर करा ना!" आशाबाईंनी किटली टेबलावर आदळली. "इतके वर्स राह्यला तो, चार दिवसानं काय होते? का जीव चालला कोनाचा? आज पुसून टाकसान त ते मंजुळा तशीच नदीत राहीन ना!"

रिनाने मान वर केली.

दिव्यानीने खाली पाहिलं. आशाबाईंनी किटलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि पुन्हा लावलं.

"कोण मंजुळा?" रिनाने विचारलं.

"पुतणी," दिव्यानी म्हणाली. "आशाबाईची."

"हो, पुतणी," आशाबाई म्हणाल्या. "पोहाले गेली हाय."

गुलाबभाऊंच्या बोटाला गुंडाळलेली सुतळी इतकी आवळली गेली होती, की बोटाचं टोक पांढरं पडलं. एटापल्लीत मंजुळा नावाची बाई नव्हती. म्हणून तर त्यांनी ते नाव घेतलं होतं. त्यांच्या ओळखीची एकच मंजुळा होती. ती तिसऱ्या अंकात, भावाने हाकलल्यावर, लेकरू खांद्यावर घेऊन पुराच्या पाण्यात उतरली होती, आणि पुढचं सुचेना म्हणून महिनाभर तशीच कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

आशाबाईंना वाचता येत नव्हतं. गुलाबभाऊंनी हळूच मान वळवून दिव्यानीच्या टेबलाकडे पाहिलं, मग टेबलामागून भिंतीकडे जाणाऱ्या निळ्या तारेकडे. दुपारी जेवणानंतर ते हात धुवायला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायला चौकात जात. परत येईपर्यंत दोघी दिव्यानीच्या टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसलेल्या असत. त्यांना वाटे, साड्या पाहत असतील.

गोदाक्काला नाग डसल्याचं आशाबाईंनी ऐकलं होतं तर. ऐकूनही गुलाबभाऊंना चहा पाजत होत्या.

त्यांच्या अंगाला घाम फुटला, आणि तो पुरता फुटायच्या आत त्यांना तार पुढे गेलेली दिसली. ती दिव्यानीच्या टेबलाशी थांबत नव्हती. भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीखालून, ती साहेबांच्या खोलीत जात होती.

रिना त्याच दारात उभी होती.

"साहेब, फॉरमॅट करू ना?"

बोम्मावार साहेब कागदावर काही लिहीत होते. ते लिहीत राहिले. आतून त्यांचा आवाज आला, नेहमीचा, मोजका.

"करावंच लागतं का?"

"मी नाही म्हणत, तुमच्याच अर्जात आहे. व्हायरस आहे म्हणून दरवर्षी तुम्हीच लिहून पाठवता. आता सापडला नाही म्हणून मी तसंच सोडून गेले, आणि उद्या काही झालं, तर माझी नोकरी जाते."

"बरोबर आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "एखादा फोल्डर तपासणीतून वगळता येतो का?"

"सूट देता येते. पण मग जबाबदारी ऑफिसची. साहेबांनी लिहून द्यावं लागते, की आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे आणि ठेवायचं आहे."

"लिहून देतो."

रिना क्षणभर घुटमळली. "माहीत आहे का साहेब, काय आहे त्यात?"

गुलाबभाऊंनी डोळे मिटले.

"आहे," साहेब म्हणाले.

रिनाने गुलाबभाऊंच्या मशीनवर दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. तेवढ्यात फोल्डरला सूट मिळाली. मग फोल्डरच्या बाहेर तिने ती खोटी ओळ टाकून पाहिली. मशीन रीतसर भुंकली, ओळ रीतसर कोंडवाड्यात गेली. साहेबांचा कागद तिने घडी करून बॅगेत टाकला. आशाबाईंनी तिला जाताना पुन्हा चहा दिला, या खेपेला आलं घालून.

"भाऊ," बॅग खांद्याला लावताना ती गुलाबभाऊंना म्हणाली, "मी उघडला नाही हं. पण तपासताना नावं दिसते फायलींची. माझा मामा वडशाच्या मंडळीत पेटी वाजवते." आणि ती गेली. तिच्यामागे दार बराच वेळ हलत राहिलं.

ऑफिसात जो तो आपल्या कामाला लागला, म्हणजे लागल्यासारखं करू लागला. दिव्यानी तीच ती नोंद पुन्हा पुन्हा टंकत होती. गुलाबभाऊ पडद्याकडे पाहत बसले. काही तरी बोलायला हवं होतं. साध्या माश्या मारतानाही त्यांना गोष्ट सुचायची, आणि आता 'च'सुद्धा तोंडातून निघेना.

"आशाबाई," ते शेवटी म्हणाले, "ते नागाचं..."

"नागाचं राहू द्या," आशाबाई पाठ न वळवता कप विसळत म्हणाल्या. "पन मराच्या आधी मले गानं पाह्यजे. नुसतं आई गं म्हून काऊन मरू? येवढं गाव पेटवलं मीनं."

दिव्यानीला हसू फुटलं. ते तिने ओढणीत दाबलं. गुलाबभाऊंनी मान हलवली. गाणं देता येण्यासारखं होतं.

साहेबांच्या खोलीतला पंखा बंद झाला. साहेब बाहेर आले. त्यांच्या हातात कागदांचं कोरं बंडल होतं. ते त्यांनी प्रिंटरशेजारी ठेवलं, सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. मग आशाबाईंचं स्टूल ओढून गुलाबभाऊंच्या टेबलाच्या कडेला बसले. त्या ऑफिसात साहेबांना कोणी स्टुलावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

गुलाबभाऊ उठायला लागले.

"बसा." साहेब टेबलावरच्या सुतळीकडे पाहत होते. "रविवारी येनार ना वडशाचा मानूस?"

"हो साहेब."

"शेवट झाला नाई अजून."

"नाई साहेब."

"हं."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. लाथ, घरघर, पुन्हा लाथ. साहेबांनी तो आवाज संपू दिला. मग चष्मा काढला, आणि या खेपेला पुसला नाही, नुसता हातात धरला. चष्म्यावाचून त्यांचा चेहरा भलताच लहान दिसत होता.

"संध्याकाळी काई काम नसते मले," ते म्हणाले. "खोलीवर जाऊन तरी काय कराव? म्हून वाचतो. ताकाचं बरोबर हाय. पंख्याचंबी. पंखा मी तसाच बंद करतो." त्यांनी चष्म्याची काडी मिटली, उघडली. "रोज वाटे, आज पुढच्या पानावर तरी तो तिच्यामांगं जाईन. नाई गेला."

गुलाबभाऊंनी तोंड उघडलं, पण साहेबांचं संपलं नव्हतं.

"मले बहीन नाई, गुलाबभाऊ. कधी नोतीच." त्यांनी चष्मा घातला आणि उठले. स्टूल होतं त्या जागी नेऊन ठेवलं. "असती त हाकलली नसती."

ते आत गेले. पंखा मात्र त्यांनी लावला नाही.

दिव्यानीचं टंकणं थांबलं होतं. आशाबाईंच्या हातातला कप तसाच धुतलेला, निथळत राहिला. दोघींपैकी कोणीच गुलाबभाऊंकडे पाहिलं नाही.

गुलाबभाऊंनी पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत तो फोल्डर उघडला आणि तिसरा अंक काढला. नदीला पूर होताच. मंजुळा कमरेइतक्या पाण्यात होती, खांद्यावरचं लेकरू झोपलं होतं. त्यांनी की-बोर्ड जवळ ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर पारखत, अलीकडच्या काठावर एक कंदील आणला. कंदील हलतो आहे, असं लिहिलं. तो कोणाच्या हातात आहे, हे लगेच लिहिलं नाही.